मीठ, सर्पगंधा आणि लकवा : आपल्या मुलखातली बीपीची गोष्ट



आम्ही बचत गटाच्या समन्वयक. आमचं काम म्हणजे गावोगावच्या बैठका, हप्ते, कर्जाचे अर्ज आणि रजिस्टरं. पण बैठकीत पैशाचा हिशेब आटोपला की गोष्ट बहुतेक वेळा तब्येतीवरच येते. कोणाचं डोकं दुखते, कोणाला चक्कर येते. मागच्या वर्षी आशाताईंना बैठकीतच बीपीचं यंत्र घेऊन बोलावलं. ज्यांना काहीच होत नव्हतं, अशाही काही जणींचा आकडा १४०च्या वर निघाला.

त्यातल्या दोघींची हकीकत आधी सांगतो. एका वहिनीचं बीपी १४६ वर ९४ होतं. डॉक्टर म्हणाले, तीन-चार महिने खाण्यापिण्यात बदल करून बघू, मग गोळीचं ठरवू. तिनं मीठ कमी केलं, खर्रा सोडला, दर महिन्याला बीपी मोजलं. आज ती १३२ वर ८४ला आहे, गोळीशिवाय.

दुसऱ्या काकूंचं बीपी १८०च्या वर होतं. त्यांना गोळी सुरू झाली आणि आकडा उतरला. त्यांनी वहिनीचं ऐकलं आणि म्हणाल्या, "आता बरं वाटते ना, मंग गोळी काऊन खाऊ?" कोणाला न विचारता त्यांनी गोळी बंद केली. तेंदूपत्त्याच्या हंगामात एका सकाळी त्यांचा उजवा हात उचलेना आणि जीभ जड झाली. लकवा. आज त्या जिवंत आहेत, पण सही करायची तर डाव्या हातानं अंगठा देतात. गटात पहिली सही शिकलेली बाई होती ती.

तेव्हापासून आमच्या मनात एकच प्रश्न राहिला. गोळीशिवाय बीपी उतरते की नाही? वहिनी म्हणते उतरते, काकूंचा हात म्हणतो नाही. म्हणून आम्ही या आजाराचा इतिहास वाचायला घेतला. त्यात आपल्या झाडीपट्टीचा आणि आपल्या जंगलाचाही भाग निघाला. तोच आज सांगतो.

बीपी मोजता येणं ही फार जुनी गोष्ट नाही. दंडाला पट्टा बांधून मोजायचं साधन रिवा-रोची नावाच्या इटालियन डॉक्टरनं १८९६ साली केलं. १९०५ साली कोरोत्कॉव या रशियन डॉक्टरनं नळी लावून नाडीचा आवाज ऐकायची रीत काढली. आशाताई सांगतात ते वरचे आणि खालचे दोन आकडे तेव्हापासून आले. मोजता तर आलं, पण उतरवायचं कसं हे कोणाला माहीत नव्हतं. गोळी नव्हतीच. म्हणजे एका काळी साऱ्या जगाचा इलाज 'गोळीशिवाय' हाच होता.

त्या इलाजाची ताकद किती होती? अमेरिकेत ड्यूक विद्यापीठात वॉल्टर केम्पनर नावाचे डॉक्टर होते. १९३९च्या सुमारास त्यांनी बीपीच्या अतिशय आजारी माणसांना फक्त भात, फळं, फळांचा रस आणि साखर द्यायला सुरुवात केली. मीठ अजिबात नाही. बऱ्याच जणांचं बीपी उतरलं, सुजलेलं हृदय लहान झालं, डोळ्यांच्या पडद्यावरची सूज ओसरली. आपण भात खाणारी माणसं, आपल्याला वाटेल की वा, मग आपल्याला बीपी होतेच कसं! पण जादू भाताची नव्हती, मीठ नसण्याची होती. आपण भातासोबत लोणचं, सुकट, पापड, चटणी आणि खारातली मिरची खातो. शिवाय केम्पनरचं ते अळणी जेवण जन्मभर निभावणारे फार थोडे निघाले.

आता त्याच इलाजाची मर्यादा बघा. अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट जगातले सगळ्यात मोठे पुढारी होते. १९४४च्या मार्चमध्ये त्यांचं बीपी १८६ वर १०८ निघालं. डॉक्टरांनी सांगितलं, मीठ कमी करा, सिगारेटी कमी करा, आराम करा. हृदयासाठी औषध दिलं, पण बीपी खात्रीनं उतरवणारी गोळी त्यांच्याकडेही नव्हती. १२ एप्रिल १९४५ला त्यांचं डोकं जोरात दुखलं आणि मेंदूत रक्तस्राव होऊन ते गेले. त्या वेळी बीपी ३०० वर १९० होतं. ज्याच्या हाताशी साऱ्या देशाचे डॉक्टर होते, त्याला जी गोळी मिळाली नाही, ती आज आपल्या आरोग्य केंद्रात फुकट मिळते. काकूंची गोष्ट आठवली की हे फार लागते.

मग गोळी आली कुठून? इथे आपल्या देशातल्या जंगलाची पाळी येते. सर्पगंधा नावाचं लहानसं झुडूप आपल्या म्हाताऱ्या माणसांना माहीत आहे. साप चावला, झोप येत नाही, डोकं फिरलं, अशा वेळी वैदू तिची मुळी देत. १९३१ साली कलकत्त्याचे डॉ. गणनाथ सेन आणि डॉ. कार्तिकचंद्र बोस यांनी लिहून ठेवलं की या मुळीनं बीपी उतरते. पुढे मुंबईच्या डॉ. रुस्तम जाल वकील यांनी बीपीच्या रुग्णांना ती देऊन काळजीपूर्वक नोंदी केल्या. १९४९ साली ५० रुग्णांचा त्यांचा लेख इंग्लंडच्या हृदयरोगाच्या मासिकात छापून आला आणि जगाचं लक्ष तिकडे गेलं. १९५२ साली स्वित्झर्लंडच्या सिबा कंपनीच्या शास्त्रज्ञांनी त्या मुळीतून रिसर्पीन हे औषध वेगळं काढलं. बीपीच्या पहिल्या चालणाऱ्या गोळ्यांमध्ये ती एक होती. १९५७ साली डॉ. वकिलांना अमेरिकेचा मानाचा लास्कर पुरस्कार मिळाला.

या गोष्टीला दोन शेपट्या आहेत. एक म्हणजे मागणी वाढली तशी जंगलातली मुळी उपटली गेली आणि झाड कमी झालं. आज परदेशी व्यापारासाठी त्यावर आंतरराष्ट्रीय बंधन आहे. दुसरी म्हणजे रिसर्पीननं काही माणसं फार उदास व्हायची, म्हणून पुढे जास्त सुरक्षित गोळ्या आल्यावर ते मागे पडलं. तेव्हा मैत्रिणींनो, कोणी बाजारात सर्पगंधाची मुळी दिली तर घरी उगाळून घेऊ नका. किती मुळीत किती औषध हे डोळ्यांना दिसत नाही. 'जंगलातलं आहे म्हणजे औषध नाही' असं समजू नका. गोळीच जंगलातून आली आहे.

आता मिठाकडे येऊ. आपल्या भागात मीठ कधीच पिकलं नाही. आमच्या आज्या सांगायच्या, बाजारच्या दिवशी टोपलीभर मोहफुलं, चारोळी किंवा डिंक द्यायचा आणि ओंजळभर मीठ आणायचं. व्यापारी मापात लुटायचा, पण मिठाशिवाय चालत नव्हतं. घरात मीठ जपून वापरलं जायचं. १९३० साली गांधीजींनी दांडीला मीठ उचललं, तेव्हा समुद्र नसलेल्या आपल्या विदर्भात लोकांनी जंगल सत्याग्रह केला. जंगलाचा कायदा मोडून गवत कापलं. मीठ दूरचं होतं, जंगल जवळचं होतं. आज उलटं झालं आहे. मोहफुलासाठी लांब जावं लागते आणि मिठाचा पुडा प्रत्येक किराणा दुकानात टांगलेला आहे. कुरकुरीत पाकिटातून, शेवेतून, फरसाणातून तो लेकरांच्या पोटातही जातो.

मिठानं खरंच फरक पडतो काय? १९८८ साली ३२ देशांतल्या ५२ ठिकाणी एकाच वेळी केलेली मोठी पाहणी छापून आली. त्यात ब्राझीलच्या जंगलातले यानोमामी आदिवासी होते. ते जवळपास मीठ खातच नाहीत. त्यांचं सरासरी बीपी ९५ वर ६१ होतं आणि वयाबरोबर ते चढत नव्हतं. आपण म्हणतो, वय झालं की बीपी होणारच. तसं काही लिहून ठेवलेलं नाही. १९९७ साली अमेरिकेत दुसरा प्रयोग झाला. भाजी, फळं, डाळ, कमी चरबीचं दूध असं जेवण दिलं, तेव्हा बीपी असलेल्यांचा वरचा आकडा सरासरी ११नं उतरला. २०२१ साली चीनच्या ६०० खेड्यांतल्या अभ्यासाचा निकाल आला. सुमारे २१ हजार माणसं होती. अर्ध्या गावांना साध्या मिठाऐवजी थोडं पोटॅशियमचं मीठ मिसळलेलं मीठ दिलं. पाच वर्षांत त्या गावांत लकवा १४ टक्क्यांनी कमी झाला. पण किडनीचा आजार असलेल्यांनी तसलं मीठ डॉक्टरांना विचारल्याशिवाय खाऊ नये.

आता घरचा आकडा ऐका. गडचिरोलीला डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग यांची 'सर्च' ही संस्था १९८६पासून काम करते. त्यांच्या संशोधकांनी २०११ ते २०१३ अशी दोन वर्षं ८६ गावांतला प्रत्येक मृत्यू नोंदवला. सगळ्यात जास्त माणसं कशानं गेली? मलेरियानं नाही, सापानं नाही. लकव्यानं. दर सात मृत्यूंमागे एक. आणि त्यातले बहुतेक घरीच गेले. आपल्याला वाटते बीपी शहरातल्या खुर्चीवर बसणाऱ्यांचा आजार. तो रोवणीला वाकणाऱ्या बाईचाही आजार आहे.

डॉ. अभय बंग यांना स्वतःला १९९५ साली हृदयविकाराचा झटका आला. वय पंचेचाळीसच्या आत. त्यानंतर त्यांनी जेवण, चालणं, योग, मनावरचा ताण सगळंच बदललं आणि 'माझा साक्षात्कारी हृदयरोग' हे पुस्तक लिहिलं. महाराष्ट्रात ते घरोघरी वाचलं गेलं. त्यांचा आजार हृदयाचा होता, पण मुळं बरीचशी बीपीचीच आहेत. आम्हाला त्यात महत्त्वाचं हे वाटलं की स्वतः डॉक्टर असून त्यांनी जगणं बदलायला घेतलं, आणि तपासण्या व उपचारही सोडले नाहीत.

आपल्या बायांनीही एक मोठा बदल करून दाखवला आहे. १९९३ साली गडचिरोली जिल्ह्यात दारूबंदी झाली, ती लोकांच्या आणि बायांच्या चळवळीतून. चंद्रपूरच्या बाया 'श्रमिक एल्गार'सोबत २०१० साली चिमूरहून नागपूरला पायी गेल्या. २०१५ला बंदी झाली, २०२१ला उठली. आपण ती लढाई संसारासाठी लढलो. पण दारूनं बीपीही चढते, म्हणजे आपण नकळत लकव्याशीही लढत होतो. खर्रा, तंबाखू आणि नस यांची लढाई मात्र अजून आपल्याच तोंडात बाकी आहे.

आणखी एक गोष्ट, जी पुस्तकात कमी आणि स्वयंपाकघरात जास्त दिसते. घरात सगळ्यात शेवटी कोण जेवते? तोवर भाजी संपलेली असते. मग भातावर लोणचं, नाही तर मिरची आणि वरून मीठ. म्हणजे घरात सगळ्यात जास्त मीठ आणि सगळ्यात कमी भाजी खाणारी बाईच. त्यात झोप कमी, कर्जाची चिंता जास्त. "आम्ही तर दिवसभर राबतो, आमाले कायचं बीपी?" असं म्हणणारीच आधी तपासायला हवी.

मग वहिनी खरी की काकू? आमच्या मते दोघींची गोष्ट एकच आहे. बीपी थोडं चढलेलं असेल आणि दुसरा आजार नसेल, तर डॉक्टरांच्या नजरेखाली जगणं बदलून पुष्कळदा भागते. बीपी फार चढलेलं असेल, साखर किंवा किडनीचा आजार असेल, आधी लकवा झाला असेल, तर जगणं बदलायचं आणि गोळीही घ्यायची. जगणं बदललं की कधी कधी गोळी कमी होते. पण ती डॉक्टर कमी करतील, आपण नाही. 'बरं वाटते' यावर विश्वास ठेवू नका, कारण बीपी दुखत नाही.

आम्ही गटात आता मिठाच्या पुड्याचा हिशेब ठेवतो. जागतिक आरोग्य संघटना सांगते, मोठ्या माणसाला दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ, म्हणजे एक लहान चमचा. पाच जणांच्या घराला दिवसाला २५ ग्रॅम. म्हणजे एक किलोचा पुडा ४० दिवस तरी पुरला पाहिजे. लोणचं, पापड आणि सुकटीतलं मीठ वेगळं. पहिल्या महिन्यात रजिस्टर उघडलं तर बहुतेक घरी पुडा पंधरा-वीस दिवसांतच संपत होता. मीठ आयोडीनचंच ठेवा, फक्त कमी करा, आणि हळूहळू करा. दोन-तीन आठवड्यांत जीभ शिकते. भाजीत आंबाडी, चिंच किंवा लिंबू पिळलं की मीठ कमी पडल्याचं कळत नाही. आणि ताटं एकत्र वाढा, म्हणजे भाजी बाईलाही मिळेल.

पुढच्या बैठकीला येताना पुडा कोणत्या तारखेला फोडला ते लिहून आणा. तिशी ओलांडलेल्या प्रत्येकीनं बीपी मोजून घ्या. आणि तोंड वाकडं, हात लुळा, बोलणं अडखळणारं दिसलं, तर पुजाऱ्याकडे नको, तेल चोळत बसू नका, लगेच १०८ला फोन करा.

काकू आता दर बैठकीला येतात. गोळी घेतल्याची खूण त्या डाव्या हातानं रजिस्टरात करतात. वहिनी त्यांच्या शेजारी बसते.