इंजिनिअरी शिक्षणाचा मराठी आरंभ

पश्चिम हिंदुस्थानांतील इंजिनिअरी शिक्षणाचा इतिहास सामान्यतः पुण्यापासून सांगण्याची चाल आहे. १८५४ च्या जुलैंत ‘पूना इंजिनिअरिंग क्लास अँड मेकॅनिकल स्कूल’ स्थापन झालें व तेंच पुढें पुण्याचें इंजिनिअरिंग कॉलेज म्हणून नांवारूपास आलें, हें खरें आहे. परंतु त्यापूर्वीं एकतीस वर्षें, म्हणजे १८२३ सालीं, मुंबईंत ‘इंजिनिअर इन्स्टिट्यूशन’ निघाली होती. आणि तींतील शिक्षण मराठी व गुजराथी या भाषांतून देण्यांत येत असे, ही गोष्ट मागें पडली आहे. या पहिल्या प्रयत्नाचें स्वरूप काय होतें व तो कां टिकला नाहीं, याचा विचार आम्ही येथें करीत आहों.

या संस्थेचे चालक कॅप्टन जॉर्ज जर्विस हे होत. बॉम्बे नेटिव्ह एज्युकेशन सोसायटीचे चिटणीसपणही त्यांजकडेच होतें. पेशवाई बुडून पांच वर्षें झालीं होतीं. नव्या मुलखाची मोजणी, रस्ते व इमारती यांसाठीं सरकारास हाताखालचीं जाणतीं माणसें हवीं होतीं. तीं तयार करावयाचीं तर गणित व भूमिती शिकविली पाहिजे, आणि त्यासाठीं पुस्तकें पाहिजेत. जर्विस यांनीं हटन व बॉनीकॅसल यांच्या इंग्रजी ग्रंथांवरून मराठींत गणिताचा अभ्यासक्रम सिद्ध केला. या कामीं त्यांस शास्त्रीमंडळींचें साह्य होतें. मोल्सवर्थचा कोश १८३१ सालीं बाहेर पडला. अर्थात् हा उद्योग त्यापूर्वींचा आहे, हें ध्यानांत घेतलें म्हणजे त्याचें मोल कळतें.

येथें शब्दांचा प्रश्न विशेष लक्षांत घेण्याजोगा आहे. त्या काळीं मराठींत यंत्रविद्येस उपयोगी असे शब्द दोन ठिकाणीं सांठलेले होते. एक, पंडितांच्या पोथ्यांत : त्रैराशिक, क्षेत्रफळ, व्यास, परिघ हे ‘लीलावती’सारख्या ग्रंथांच्या पठनपाठनांतून चालत आलेले. दुसरें, कारागिरांच्या तोंडीं : ओळंबा, गुण्या, पाया, कमान हे गवंड्या-सुतारांचे. पंडितानें कधीं ओळंबा धरला नव्हता व गवंड्यानें ‘लीलावती’ वाचली नव्हती. हे दोन शब्दसंग्रह एका वर्गांत, एका विद्यार्थ्याच्या वहींत, एकत्र येण्याचा संभव या संस्थेनें प्रथम निर्माण केला.

पण संस्था फार दिवस चालली नाहीं. सुमारें दहा वर्षांत ती संपली. पुढें १८४४ सालीं एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्यें इंजिनिअरीचा वर्ग उघडला, तोही अल्पायुषी ठरला. इकडे भाषेचा वाद विकोपास गेला. १८४३ पासून बोर्ड ऑफ एज्युकेशनचे अध्यक्ष असलेले सर अर्स्किन पेरी इंग्रजीचे कैवारी. तर बोर्डाचे सभासद झालेले जर्विस व त्यांच्या बाजूस जगन्नाथ शंकरशेट हे देशभाषांचे. १८४७ सालीं दोन्ही पक्षांनीं आपापले अभिप्राय लेखी नोंदविले. १८४८ सालीं सरकारानें दिलेला निकाल इतका संदिग्ध होता कीं, उभय पक्षांस तो आपापल्या सोईचा वाटला. १८५१ सालीं जर्विस वारले.

पुण्याचा वर्ग टिकला याचें कारण, आमच्या मतें, त्याची सांगड सार्वजनिक बांधकाम खात्याच्या नोकरीशीं प्रथमपासून घातलेली होती. १८५७ सालीं मुंबई विद्यापीठ झालें. १८६६ सालीं हा वर्ग त्यास जोडला गेला व एल्. सी. ई. ही पदवी सुरू झाली. नोकरी इंग्रजींत, परीक्षा इंग्रजींत. मग मराठी पुस्तकास गिऱ्हाईक कोठून मिळणार? शास्त्रीय पाठ्यपुस्तक वर्गाबरोबर जगतें, आणि वर्ग त्याची भाषा मानणाऱ्या नोकरीबरोबर जगतो.

याच्या उलट अर्थशास्त्राची स्थिति पहावी. लोकहितवादींचें ‘लक्ष्मीज्ञान’ १८४९ सालचें, कृष्णशास्त्री चिपळूणकरांची ‘अर्थशास्त्रपरिभाषा’ १८५५ सालची. कौटिल्याचा ग्रंथ म्हैसुरास शामशास्त्री यांनीं १९०९ सालीं छापून प्रसिद्ध करण्यापूर्वीं अर्धशतकाहून अधिक काळ हें नांव या नव्या विद्येस मराठींत मिळालेलें होतें. हीं पुस्तकें वर्गावर अवलंबून नव्हतीं. जिज्ञासु वाचकावर होतीं. म्हणून तीं ग्रंथसंग्रहांत राहिलीं व त्यांचे शब्द वर्तमानपत्रांत रुळले. कॉलेजांतील अर्थशास्त्र मात्र इंग्रजींतच शिकविलें गेलें.

विद्युत्‌शास्त्र आलें तें या व्यवस्थेंतच आलें. १९१५ सालीं खोपोलीचें टाटांचें जलविद्युत्‌गृह सुरू होऊन मुंबईच्या गिरण्यांस वीज मिळूं लागली. याच सुमारास कॉलेजांतून वीजविद्येचे वर्ग निघाले. कामगारांनीं मात्र वीज, तार, खांब, दिवा असे आपले शब्द चालू ठेविले. अगदीं अलीकडचें उदाहरण हृदयपरीक्षेचें. १९५३ सालीं स्वीडनमधील लुंड येथें इंगे एडलर हे वैद्य व हेल्मुट हर्ट्झ हे पदार्थवैज्ञानिक यांनीं, धातूंतील चिरा शोधण्याकरितां जहाजाच्या कारखान्यांत वापरीत असत तें ध्वनियंत्र हृदयावर लावून पाहिलें. त्यांतून निघालेली परीक्षा आज तंत्रशिक्षणाचा स्वतंत्र अभ्यासक्रम झाली आहे. आमचे रोगी तिला ‘टू-डी एको’ म्हणतात. मराठी पाठ्यपुस्तकांतून हा शब्द आलेला नाहीं, दवाखान्यांतून आला आहे.

२०२१ सालीं अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेनें मराठीसह आठ देशभाषांतून इंजिनिअरी शिकविण्यास अनुमति दिली. जर्विस-पेरींचा वाद अशा रीतीनें पुनः उभा राहिला आहे. नवीन पुस्तकें लिहिणारांनीं जुनीं पहावीं, ही अपेक्षा गैर नाहीं. परंतु तीं पहावयास मिळालीं पाहिजेत. संग्राहकांस आमची विनंती आहे कीं, दप्तरें चाळतांना बखर, सनद व महजर यांबरोबरच गणिताच्या हस्तलिखित वह्या, मोजणीचे कच्चे नकाशे, पानें गळालेलीं पाठ्यपुस्तकें हींही बाजूस काढून ठेवावींत. त्यांवर राजाची मुद्रा नसते, म्हणून तीं रद्दींत जातात. नवा प्रयत्न करणारांस आज जो शब्द अडतो, तो कदाचित् १८२३ नंतरच्या एखाद्या विद्यार्थ्यानें आपल्या वहींत उतरून घेतलेला असेल. तो हातीं लागला तर पहिल्या प्रयत्नाचे श्रम दुसऱ्यास उपयोगी पडतील.