मुखपट्टी शिवणाऱ्या बायका

अमेरिकेतल्या बोस्टन शहराचं एक जुनं छायाचित्र आहे. १९१८-१९ च्या इन्फ्लुएंझाच्या साथीतलं. रेडक्रॉसच्या बायका सैनिकांसाठी कापडी मुखपट्ट्या तयार करताहेत, काही जणी गठ्ठे उचलताहेत. खालच्या ओळीत शहराचं नाव आहे, संस्थेचं आहे. बायकांची नाहीत.

हे चित्र मी २०२० च्या एप्रिलमध्ये माझ्या थोरल्या बहिणीला, आपाला दाखवलं. टाळेबंदी होती. मिरजेतल्या आमच्या घरात ती पायमशीनवर मास्क शिवत बसली होती, वाटण्यासाठी. चित्र दाखवण्यामागचा माझा हेतू फारसा बरा नव्हता. या बायकांची मेहनत वाया गेली, तुझीही जाईल, हे मला तिला सुचवायचं होतं. बी.ए.ला इतिहास घेतलेल्या माणसाला अशी खोड असते.

साथीच्या रोगात सर्वसामान्यांनी तोंडाला कापड बांधायचं, ही गोष्ट तशी अलीकडची. आपल्या मुंबईत १८९६ साली प्लेग आला तो उंदरांवरच्या पिसवांमुळं पसरणारा. त्यात मुखपट्टीचा काही उपयोग नव्हता. पण १९१० च्या अखेरीस मांचुरियात जो प्लेग उसळला तो फुफ्फुसांचा होता. तिथं हार्बिन शहरात वू लिएन-तेह नावाचा तरुण डॉक्टर पोहोचला. मूळचा पेनांगचा, केंब्रिजला शिकलेला. हा रोग श्वासावाटे पसरतो, असं त्यानं सांगितलं आणि जाळीच्या कापडाच्या घड्यांत कापूस भरून स्वस्तातली मुखपट्टी तयार करवली. मेनी नावाच्या ज्येष्ठ फ्रेंच डॉक्टरांना हे पटलं नाही. त्यांनी मुखपट्टीशिवाय रोगी तपासले आणि १९११ च्या जानेवारीत त्याच रोगानं ते गेले. त्या साथीत सुमारे ६० हजार माणसं दगावली. वूंचं नाव इतिहासात राहिलं आणि ते योग्यच आहे. हजारोंनी लागणाऱ्या त्या पट्ट्या कुणी शिवल्या, हे मात्र विचारावंसं कुणाला वाटत नाही.

मग १९१८ चा इन्फ्लुएंझा. जूनमध्ये तो मुंबईत शिरला आणि हिंदुस्थानात एक कोटीहून अधिक माणसं घेऊन गेला. अमेरिकेत तेव्हा रेडक्रॉसच्या बायका महायुद्धातल्या जखमींसाठी मलमपट्टीचं सामान तयार करत होत्या. तेच हात, तेच जाळीचं कापड आता मुखपट्ट्यांकडं वळलं. सिएटलच्या पोलिसांनी त्यांनीच केलेल्या पट्ट्या बांधल्या होत्या. सॅन फ्रान्सिस्कोत तर सक्ती झाली. २१ नोव्हेंबरला दुपारी भोंगे वाजले, सक्ती उठली, आणि लोकांनी पट्ट्या काढून रस्त्यावर फेकल्या. जानेवारीत सक्ती पुन्हा आली तेव्हा विरोधकांनी चक्क ‘अँटी-मास्क लीग’ काढली.

आपाला मी सांगितलं ते याच्या पुढचं. कॅलिफोर्नियाच्या आरोग्य मंडळाचे केलॉग यांनी १९२० साली ग्रेस मॅकमिलन यांच्यासह प्रयोग प्रसिद्ध केले. निष्कर्ष असा की, सक्तीच्या मुखपट्ट्यांनी साथ आटोक्यात आली नाही.

आपानं मशीन थांबवलं. मला वाटलं, वाईट वाटलं तिला. ती म्हणाली, “का आली नाही? कापड कसलं होतं?”

मला पुन्हा वाचावं लागलं. कापड विरळ विणीचं होतं. घड्या वाढवल्या तर श्वास कोंडायचा आणि हवा कडेच्या फटीतून आतबाहेर व्हायची.

“मग फट बुजवायची,” ती म्हणाली.

त्या दिवसापासून तिचा मास्क बदलला. जुन्या सुती साड्या आणि आमच्या लुंग्या उकळून उन्हात वाळवायच्या. तीन पदर घ्यायचे, उजेडाकडं धरून वीण पाहायची. नाकावर आणि गालांवर बसेल अशा चुण्या घालायच्या. इलास्टिक मिळत नव्हतं, दुकानं बंद; म्हणून कापडाच्याच नाड्या. तयार मास्क बांधून समोरची मेणबत्ती फुंकायला ती मला लावायची. विझली की तो मास्क उसवायचा. मी वैतागायचो. जून उजाडल्यावर जागतिक आरोग्य संघटनेनं तीन पदरी कापडी मास्कची शिफारस केली, तेव्हा तिनं नुसतं “हं” म्हटलं.

त्या एप्रिलमध्ये आमच्या गल्ल्यांकडं कसं पाहिलं जात होतं, हे वर्तमानपत्र वाचणाऱ्यांना सांगायला नको. एका वसाहतीत आपानं ४० मास्क पाठवले. पिशवी संध्याकाळी तशीच परत आली. कुणी वावगं बोललं नाही. “आमच्याकडं आहेत,” एवढंच. मला राग आला. आपानं ते चाळीसही पुन्हा साबणानं धुतले, गच्चीवर वाळत घातले आणि दुसऱ्या दिवशी सफाई कामगारांच्या मुकादमाकडं दिले. दोन दिवसांनी झाडू मारणारी एक बाई गल्लीच्या तोंडाशी उभी राहिली. “चाची, अजून दोन द्या की. पोरींसाठी. ह्याची नाडी कानाला काचत नाही.”

कापडी मास्कनं नेमका किती फरक पडला? बांगलादेशात ६०० गावांत मोठी चाचणी झाली. शस्त्रक्रियेच्या वेळी वापरतात त्या मास्कचा फायदा तिच्यात दिसला; कापडी मास्कबद्दल ठाम काही म्हणता आलं नाही. हे मी आपापासून लपवलेलं नाही. पण मास्क विकतही मिळत नव्हते त्या आठवड्यांत त्या बाईच्या तोंडावर दुसरं काय असणार होतं? हा प्रश्न त्या चाचणीनं विचारलेला नाही आणि केलॉगसाहेबांनीही नाही.

रमजान सुरू झाला तशी आपा सहरीनंतर झोपेनाशी झाली. फजरची नमाज झाली की मशीनचा आवाज. हिशेब ती कॅलेंडरच्या पानामागं ठेवायची, पेन्सिलनं. परवा कपाट आवरताना २०२० च्या मे महिन्याचं ते पान सापडलं. बेरीज तिनं केलेली नव्हती, मी केली: ६१२. शेवटचा आकडा २४ मेचा, ईदच्या आदल्या दिवसाचा. त्याखाली दूधवाल्याचा हिशेब आहे.