कोपरखैरणे

कोपरखैरणे : महाराष्ट्र राज्याच्या ठाणे जिल्ह्यातील ठाणे तालुक्यात मोडणारा आणि नवी मुंबई महानगरपालिकेच्या हद्दीत येणारा एक दाट लोकवस्तीचा नागरी विभाग. याच्या उत्तरेस घणसोली, दक्षिणेस वाशी, आग्नेयेस तुर्भे, पूर्वेस ठाणे-बेलापूर रस्ता व त्यापलीकडील औद्योगिक वसाहत, आणि पश्चिमेस ठाण्याची खाडी आहे. कोपरखैरणे, खैरणे व बोनकोडे ही जुनी गावठाणे आणि त्यांच्या सभोवती सिडकोने क्रमांक देऊन वसविलेले सेक्टर मिळून हा विभाग बनलेला आहे. महापालिकेच्या आठ प्रशासकीय विभागांपैकी तो एक असून त्यासाठी स्वतंत्र विभाग कार्यालय आहे. जमीन देणारा शेतकरी, कारखान्यातील कामगार आणि बाजारपेठेत डोक्यावरून ओझी वाहणारा माथाडी या तीन श्रमजीवी वर्गांच्या सहवासातून या वस्तीचे स्वरूप घडले आहे. त्यामुळे नवी मुंबईचा सामाजिक इतिहास अभ्यासू इच्छिणाऱ्यास कोपरखैरणे टाळून पुढे जाता येत नाही.

पूर्वस्थिती : ठाणे-बेलापूर पट्टीतील इतर गावांप्रमाणे येथील मूळ वस्ती मुख्यतः आगरी व कोळी समाजाची. पारसिकच्या डोंगररांगेकडून येणारे पावसाळी पाणी आणि खाडीतून दिवसातून दोनदा चढणारी भरती यांच्यामध्ये सापडलेली ही सखल भूमी जशी होती तशी नांगराखाली येणे शक्य नव्हते. म्हणून खाडीच्या बाजूस मातीचे बांध घालून खारे पाणी अडवावयाचे, बांधात ठिकठिकाणी उघाडी ठेवून ओहोटीच्या वेळी शेतातील जादा पाणी बाहेर सोडावयाचे, आणि पावसाच्या गोड्या पाण्याने जमिनीतील मीठ धुऊन निघाल्यावर तीत भात लावावयाचा, अशी खारबंदिस्तीची शेती या किनाऱ्यावर पिढ्यान्‌पिढ्या चालत आली. बांधाला एके ठिकाणी खांड पडली तरी साऱ्या शिवारात खारे पाणी शिरून पुढील हंगामही बुडत असे. म्हणून बांधाची राखण ही एकट्या खातेदाराची बाब न राहता गावकीची जबाबदारी ठरली. भाताच्या जोडीला मिठागरांवरील मजुरी आणि खाडीतील मासेमारी ही निर्वाहाची साधने होती. पाग टाकून धरलेले बोय, चिखलातून हाताने वेचलेले निवटे, बिळातून काढलेल्या चिंबोऱ्या आणि खाजणातील जिताडा यांचे स्थान येथील जेवणात तांदळाच्या भाकरीइतकेच पक्के होते, आणि ज्या घरांत जुने वळण टिकून आहे तेथे ते आजही आहे.

औद्योगिकीकरण : महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाची स्थापना १९६२ मध्ये झाली आणि त्यानंतर ठाणे-बेलापूर रस्त्याच्या कडेने ठाणे-बेलापूर औद्योगिक क्षेत्र आकारास आले. रसायने, रंगद्रव्ये, औषधे व अभियांत्रिकी माल यांचे लहानमोठे कारखाने येथे निघाले; त्यांत नॅशनल ऑरगॅनिक केमिकल इंडस्ट्रीज, म्हणजे लोकांच्या तोंडची ‘नोसिल’, हिचे नाव विशेष प्रसिद्ध होते. भूमिपुत्रांपैकी काहींना या कारखान्यांत कायम नोकरी लाभली, अनेकांच्या वाट्यास कंत्राटी काम आले, आणि देशाच्या निरनिराळ्या प्रांतांतून आलेला कामगारवर्ग आसपास स्थिरावू लागला. मात्र या उद्योगांचे सांडपाणी दीर्घकाळ खाडीस मिळत राहिल्याने मासळीचा ऱ्हास झाला आणि ज्या कुटुंबांची चूल खाडीवर पेटत असे त्यांच्यावर त्याचा आघात झाला. पुढे जड रसायन उद्योगांपैकी बरेच बंद पडले किंवा स्थलांतरित झाले व त्यांच्या जागी माहिती-तंत्रज्ञान आणि दूरसंचार व्यवसायांची संकुले उभी राहिली; येथील धीरूभाई अंबानी नॉलेज सिटी हे त्या स्थित्यंतराचे ठळक उदाहरण होय.

भूसंपादन व नियोजन : मुंबई बेटावरील वाढता भार हलका करण्यासाठी खाडीच्या पूर्वेस जुळे शहर वसवावे, ही कल्पना चार्ल्स कोरिया, शिरीष पटेल व प्रवीणा मेहता यांनी १९६० च्या दशकाच्या मध्यास मांडली. ती स्वीकारून राज्य शासनाने १७ मार्च १९७० रोजी शहर व औद्योगिक विकास महामंडळ, अर्थात सिडको, स्थापन केले आणि ठाणे, पनवेल व उरण या भागांतील ९५ गावांची जमीन नव्या शहरासाठी अधिसूचित केली. एकच केंद्र असलेले शहर न बांधता लोहमार्ग व हमरस्ते यांनी सांधलेल्या स्वयंपूर्ण नोडांची मालिका उभारावी, असे या आराखड्याचे सूत्र होते. कोपरखैरणे हा त्यांपैकी एक नोड.

सातबाऱ्यावरील पिढीजात नावे फेरफाराच्या एका नोंदीने कमी झाली, परंतु त्यामागील दुःख दप्तरात मावणारे नव्हते. अपुऱ्या मोबदल्याविरुद्ध दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली प्रकल्पग्रस्तांनी प्रदीर्घ लढा दिला. १६ व १७ जानेवारी १९८४ रोजी उरण तालुक्यातील जासई परिसरात झालेल्या गोळीबारात पाच आंदोलकांना हौतात्म्य आले. या लढ्याचे फलित म्हणून १९९० च्या दशकात साडेबारा टक्के योजना अस्तित्वात आली. संपादित क्षेत्राच्या साडेबारा टक्के इतकी विकसित जमीन मूळ खातेदारास परत द्यावी, तीतून सामाजिक सुविधांसाठी ३.७५ टक्के वगळून ८.७५ टक्क्यांचा भूखंड प्रत्यक्ष हाती द्यावा, अशी तिची सर्वसाधारण रचना आहे. या भूखंडांवर त्रिपक्षीय करारांद्वारे अनेक इमारती उभ्या राहिल्या, आणि काल शेतात राबणारा खातेदार कित्येक ठिकाणी घरमालक किंवा बांधकाम व्यावसायिकाचा भागीदार झाला.

गावठाणांची हद्द मात्र कुटुंबांच्या वाढीबरोबर विस्तारली नाही. त्यामुळे वाढत्या खटल्यासाठी गावठाणालगत परवानगीवाचून घरे बांधावी लागली; शासकीय परिभाषेत त्यांस ‘गरजेपोटी बांधलेली घरे’ असे म्हणतात. ही घरे नियमित करण्याचा प्रश्न दशकानुदशके निवडणुकांचा, मोर्चांचा व न्यायालयीन वादांचा विषय राहिला असून २०२२ मध्ये शासनाने त्यासंबंधी निर्णय काढला. ज्याने शहरासाठी संपूर्ण शिवार दिले त्याच्याच घरास अनधिकृत ठरावे लागणे ही या नियोजनातील सर्वांत मोठी विसंगती होय, आणि तिचे न्याय्य निरसन हे शासनाचे ऋण आहे.

माथाडी वसाहत : मुंबईच्या मध्यवस्तीतील घाऊक बाजार खाडीपलीकडे हलविण्याच्या धोरणानुसार १९८१ च्या सुमारास कांदा-बटाटा बाजार, १९९० नंतर मसाला व धान्य बाजार आणि १९९६ मध्ये भाजीपाला व फळ बाजार वाशी-तुर्भे येथील कृषी उत्पन्न बाजार समितीच्या आवारात आले. बाजाराबरोबर त्याचे माथाडी, मापाडी व पाटीवाले यांनाही यावे लागले आणि त्यांतील मोठा वर्ग कोपरखैरणे, घणसोली व ऐरोली येथे स्थायिक झाला. सातारा, सांगली आणि पुणे जिल्ह्याचा जुन्नर-आंबेगाव भाग ही या कामगारांची प्रमुख मूळस्थाने.

या वर्गास प्रतिष्ठा मिळवून देण्याचे श्रेय निःसंशय अण्णासाहेब पाटील (१९३३-१९८२) यांचे. त्यांच्या संघटनकार्याच्या रेट्यामुळे १९६९ मध्ये महाराष्ट्र माथाडी, हमाल व इतर श्रमजीवी कामगार अधिनियम संमत झाला आणि मालक, कामगार व शासन यांच्या प्रतिनिधींची त्रिपक्षीय मंडळे स्थापन झाली. कामगाराची नोंदणी, मजुरीचा भरणा आणि मालकाकडून वसूल होणाऱ्या लेव्हीतून भविष्यनिर्वाह निधी, उपदान, रजा व वैद्यकीय साहाय्य यांची व्यवस्था या मंडळांमार्फत होते. काम टोळीने चालते. टोळीचा मुकादम कामाची वाटणी करतो व केलेल्या कामाची मजुरी टोळीत विभागली जाते. ज्याचे आयुष्य पूर्वी मुंबईच्या दुकानांच्या पायऱ्यांवर व भाड्याच्या खोल्यांत सरले असते, त्यास या कायद्याच्या आधाराने स्वतःचे घर घेता आले आणि मुलांना शाळा-महाविद्यालयांत धाडता आले. कोपरखैरण्यातील अनेक घरांत आजोबा हमाल, वडील टोळीचे मुकादम आणि नातू अभियंता किंवा शासकीय सेवक असा तीन पिढ्यांचा प्रवास आढळतो, तो याच कारणाने.

गृहरचना : अल्प उत्पन्न गटांना परवडतील अशी लहान घरे हे कोपरखैरणे नोडचे आरंभापासूनचे वैशिष्ट्य. सिडकोने येथे बैठी घरे व चाळवजा इमारती बांधल्या आणि जागतिक बँकेच्या साहाय्याने राबविलेल्या मुंबई नागरी विकास प्रकल्पाखाली पाणी, मलनिस्सारण व रस्ते यांची सोय असलेले छोटे भूखंडही वाटले. घरधारकाने ऐपतीप्रमाणे हळूहळू घर वाढवावे, हा त्यामागील विचार होता. लोकांनी तो आपापल्या परीने अमलात आणला : आधी पोटमाळा, मग पहिला मजला, पुढे मुलाच्या लग्नासाठी दुसरा आणि भाडेकरूसाठी तिसरा. या वाढीमुळे हजारो नवागतांना आवाक्यातील भाड्यात निवारा मिळाला हे खरे. तथापि पायाची मजबुती, हवा-उजेड, अग्निशमनाची वाट आणि वाहने उभी करण्याची जागा यांवर तिने असह्य ताण आणला, हेही नमूद करणे आवश्यक आहे.

दैनंदिन जीवन : बाजाराच्या वेळापत्रकाशी या वस्तीचे घड्याळ जुळलेले आहे. भाजीपाल्याच्या गाड्या रात्री लागतात, त्यामुळे त्या बाजारातील कामगार इतर शहर निद्रिस्त असता घराबाहेर पडतो व सकाळी मुले शाळेस निघत असता परत येतो. धान्य व मसाला बाजारातील कामगाराचा दिवस त्याउलट सूर्याबरोबर चालतो. हापूसच्या हंगामात, म्हणजे मार्च ते मे या काळात, कामाचा भार शिगेस पोहोचतो आणि नेमक्या त्याच दिवसांत गावाकडील यात्रा येतात. तेव्हा आळीपाळीने सुट्या घेऊन माणसे खासगी गाड्यांनी सातारा-सांगलीकडे जातात. एकेका मूळ गावाची ग्रामस्थ मंडळे येथे कार्यरत असतात. गावातील मंदिराच्या जीर्णोद्धाराची वर्गणी, आजारी माणसाची मदत, वधूवरांची स्थळे आणि अंत्यविधीची धावपळ ही सर्व कामे त्यांच्यामार्फत पार पडतात. गोकुळाष्टमीचे सप्ताह, हरिपाठ व भजनी मंडळे यांमुळे वारकरी परंपरेचा स्वर येथील सेक्टरांत स्पष्ट ऐकू येतो. परगावाहून आलेल्या एकट्या तरुणांसाठी गृहिणींनी चालविलेल्या घरगुती खानावळी हा स्त्रियांच्या स्वावलंबनाचा एक मान्य मार्ग झाला आहे.

गावठाणांतील उत्सवांचा बाज वेगळा. गावदेवीची जत्रा, शिमगा व नारळी पौर्णिमा हे येथील मानाचे सण असून लग्नातील हळदीचा समारंभ प्रत्यक्ष लग्नाइतकाच थाटाचा असतो. विवाहविधींत धवले गाणाऱ्या धवलारणीस आगरी समाजात आदराचे स्थान आहे. ध्वनिक्षेपकांच्या गर्दीत ही मौखिक विद्या क्षीण होत असून तिचे संकलन त्वरेने व्हावयास हवे. गणेशविसर्जनासाठी शहरातील प्रमुख तलावांत महापालिकेने दगडी गॅबियन भिंती घालून स्वतंत्र भाग राखला आहे, त्यामुळे उर्वरित जलाशयाचे प्रदूषण आटोक्यात राहते.

पत्ता सांगण्याच्या रीतीतही वस्तीचा स्वभाव प्रकट होतो. सरकारी कागदावर सेक्टर, भूखंड व घर यांचे क्रमांक असले, तरी रिक्षावाल्यापासून पाहुण्यापर्यंत सर्वांची भिस्त खुणांवर असते. तीन जलकुंभांवरून रूढ झालेली ‘तीन टाकी’ ही त्यांतील सर्वांत प्रसिद्ध खूण होय.

दळणवळण व नागरी सुविधा : नवी मुंबई महानगरपालिका १ जानेवारी १९९२ पासून कार्यरत झाली व तिची परिवहन सेवा १९९६ मध्ये सुरू झाली. ठाणे-वाशी या ट्रान्सहार्बर मार्गावर नोव्हेंबर २००४ मध्ये उपनगरी गाड्या धावू लागल्या आणि कोपरखैरणे स्थानकामुळे ठाण्याकडील प्रवास सुकर झाला. तोपर्यंत रहिवाशांना ठाणे-बेलापूर रस्त्यावरील बसगाड्यांवरच विसंबावे लागे. पाणीपुरवठा मुख्यतः खालापूर तालुक्यातील मोरबे धरणातून होतो. हे धरण महापालिकेच्या स्वतःच्या मालकीचे आहे. येथील मलप्रक्रिया केंद्रातील पाण्यावर तृतीय स्तरावरील शुद्धीकरण करून ते उद्योगांस पुरविण्याची योजनाही अमलात आली आहे. सेक्टर १४ मधील निसर्ग उद्यान हे पूर्वीच्या क्षेपणभूमीवर विकसित केलेले असून ज्या जागेवरून लोक नाक दाबून जात तेथे आता पहाटे फिरावयास येतात. खाडीकाठी कांदळवन असून हिवाळ्यात खाडीत रोहित पक्ष्यांचे थवे उतरतात; खाडीचा काही भाग २०१५ मध्ये फ्लेमिंगो अभयारण्य म्हणून घोषित झाला.

समालोचन : अरुंद रस्ते, वाहनांची दाटी, जीर्ण झालेल्या सिडको घरांचा पुनर्विकास आणि गावठाणांतील मालकीहक्काची निश्चिती हे आजचे प्रमुख प्रश्न आहेत. सामाजिक तणावाचे प्रसंगही या वस्तीने पाहिले. जुलै २०१८ मधील मराठा आरक्षण आंदोलनात येथे हिंसाचार उसळला होता. परंतु अशा प्रसंगांवरून कोपरखैरण्याची ओळख ठरविणे अन्यायाचे होईल. नियोजनकारांनी येथे रस्ते व भूखंड आखले. त्यांवर वस्ती उभी केली ती जमीन गमावलेल्यांनी आणि ओझी वाहणाऱ्यांनी. यापुढील प्रत्येक पुनर्विकास योजनेत या दोघांना त्याच ठिकाणी, परवडणाऱ्या खर्चात राहण्याचा हक्क प्रथम लिहिला गेला पाहिजे. कारण त्यांना दूर सारून येथे उंच इमारती उभ्या राहिल्या, तर जमिनीचा भाव वाढेल, पण ज्या लोकांसाठी हा नोड वसविला गेला तेच येथून नाहीसे होतील.