अमेरिकेच्या नागरिकत्वाच्या कायद्यांतील एक शब्द

जुना कागद वाचतांना एका शब्दाच्या अर्थानें सारा निर्णय कसा फिरतो, हें आमच्या वाचकांस सांगावयास नको. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत असाच एक शब्द १६२ वर्षें टिकून होता.

ता. २६ मार्च १७९० च्या कायद्यानें दोन वर्षें राहिलेल्या 'स्वतंत्र गोऱ्या' परकीयास नागरिकत्व देऊं केलें. ही मुदत १७९५ सालीं पांच व १७९८ सालीं चौदा वर्षें झाली. १८०२ सालीं ती पुन्हां पांचांवर आली. १८७० सालीं आफ्रिकी वंशाच्या लोकांस हक्क मिळाला. 'गोरा' म्हणजे कोण, हें मात्र कायद्यानें सांगितलें नाहीं.

ओझावा या जपानी अर्जदारास सर्वोच्च न्यायालयानें १९२२ सालीं सांगितलें कीं, गोरा म्हणजे 'कॉकेशियन' वंशाचा. तोच आधार घेऊन भगतसिंग थिंड हे पंजाबी गृहस्थ उभे राहिले, तेव्हां १९२३ सालीं त्याच न्यायमूर्ति सदरलँड यांनीं वंशशास्त्र बाजूस सारून सामान्य माणसाची समजूत प्रमाण मानिली. पुढें सरकार पूर्वीं दिलेलें नागरिकत्वही काढूं लागलें. थिंड यांच्या बाजूचे वकील सखाराम गणेश पंडित यांजवरही दावा झाला. परंतु १९१४ सालचा निकाल पुन्हां उकरतां येत नाहीं, या मुद्द्यावर ते १९२६ सालीं जिंकले.

हिंदी लोकांस हक्क १९४६ सालीं मिळाला. १९५२ सालीं वंशाची अटच गेली. वरील दोन निकाल शेजारीं ठेवून वाचतां, अर्थावरून निर्णय नव्हे, तर निर्णयावरून अर्थ ठरला, असें आमचें मत होतें.