सीमेवरची पेठ

राजधानीचा इतिहास लिहून ठेवण्यास बखरकार असतो, शिलालेख खोदण्यास पाथरवट असतो. बाजारगावाच्या वाट्याला असे कोणी सहसा येत नाही. इंग्लंडातील कित्येक जुन्या बाजारगावांना आठवड्याचा बाजार भरविण्याची सनद राजाकडून मिळत असे, आणि त्या सनदेच्या आधारे तेथील लोक आपल्या पेठेचे वय आजही सांगू शकतात. गोव्यातील डिचोलीची पेठ मात्र वहिवाटीच्या बळावर उभी राहिली. तिचा इतिहास वाचावयाचा, तर तो वाटेवर, वारांवर आणि भिंतींवरच वाचावा लागतो.

प्रथम वाट पाहावी. घाटमाथ्यावरून रामघाटाने उतरलेला माल दोडामार्गाच्या बाजूस येई. तेथून पुढे लाटंबार्से गावचा परिसर लागतो. या टापूतून एक वाट अस्नोड्यावरून म्हापशाकडे जाते, दुसरी डिचोलीकडे वळते. म्हापशाच्या वाटेवर कासारपाल येथे कालिकादेवीचे देऊळ आहे. त्या स्थळाच्या नावातच कासार आहे. आणि डिचोलीच्या पेठेचे नाव ज्या कारागिरीने दूरवर गेले, ती कारागिरीही पितळेचीच. डिचोलीच्या समया गोव्यातील देवघरांतून तेवत आल्या आहेत. कासाराच्या हातोडीला कुंभाराच्या चाकाची जोड मिळाली, आणि भांडे घ्यावयाचे तर डिचोलीस जावे, हा परिपाठ पडला. घाटावरून मिरची आणि गूळ खाली यावा, खालून मीठ, सुकी मासळी आणि नारळ वर जावे, असा हा व्यवहार.

आता वार पाहावेत. डिचोलीचा बाजार बुधवारी, पेडण्याचा गुरुवारी आणि म्हापशाचा शुक्रवारी. ही रचना कोणा अधिकाऱ्याने केली असो वा नसो, तिच्यामागचे शहाणपण उघड आहे. एकाच विक्रेत्याला तोच माल घेऊन तीन दिवसांत तीन गावे करता यावीत, आणि कोणत्याही गावाने दुसऱ्याचे गिऱ्हाईक ओढू नये. चतुर्थीच्या दिवसांत तर डिचोलीच्या पेठेत रानच अवतरते. आसपासच्या डोंगरी गावांतील बायका माटोळीसाठी कवंडळे, माट्टीची फळे, कांगण्या आणि सुपारीचे घोस घेऊन रस्त्याच्या कडेला बसतात. दुकानाला छप्पर असावेच लागते, असे या बाजाराने कधी मानले नाही.

या वाटेवर सत्ता मात्र अनेक आल्या. आदिलशाही गेली, मराठे आले. डिचोलीपासून जवळच नार्वे येथील सप्तकोटेश्वराच्या देवळाचा जीर्णोद्धार शिवाजी महाराजांनी करविला. तेथील शिलालेखावर 1668 सालच्या नोव्हेंबरातील मिती आहे. पुढे औरंगजेबाचा बंडखोर पुत्र शहाजादा अकबर संभाजी महाराजांच्या आश्रयास आला, तेव्हा त्याचा मुक्काम या भागात होता. डिचोलीतील नमाजगाह त्याच काळातील, असे परंपरा सांगते. नंतर सावंतवाडीकर भोसले आले. पोर्तुगीजांनी डिचोली 1781 साली कायमची घेतली आणि 1788 साली पेडणे. नव्या काबिजादीतील या महालांत त्यांनी धर्म व रूढी यांस हात न लावण्याचे धोरण ठेवले, म्हणून देवळे जागच्या जागी राहिली आणि त्यांच्या आधाराने भरणारे बाजारही.

भिंतींची साक्ष याहून बोलकी आहे. अशा पेठांतील जुने दुकान म्हणजे चिऱ्याची भिंत, पुढे ओटा, बंद करण्यास एकापुढे एक सरकवावयाच्या लाकडी फळ्या, आणि मागे राहते घर. वर मंगळुरी कौले असतील, तर ते छप्पर 1865 नंतरचे, हे निश्चित. कारण बासेल मिशनचा मंगळूरचा कौलांचा कारखाना त्या वर्षी सुरू झाला. इतकी साधी खूण कागदावाचून काळ सांगते.

सीमा कडक झाली की पेठेला सर्वांआधी कळते. 1955 च्या सत्याग्रहानंतर भारताने गोव्याची नाकेबंदी केली. शेजारच्या कोकणातून आणि घाटावरून येणारा माल थांबला आणि गोव्याच्या बाजारात हॉलंडचे बटाटे, सिलोनचा चहा व जपानचे सिमेंट दिसू लागले. दोडामार्गाची वाट हाकेच्या अंतरावर, आणि बटाटे सातासमुद्रांपलीकडचे! 18 डिसेंबर 1961 च्या पहाटे माघार घेणाऱ्या पोर्तुगीज सैन्याने डिचोलीचा पूल उडविला. दुसऱ्या दिवशी गोवा मुक्त झाला. पुढे खनिजाच्या धंद्याने पेठेत पैसा खेळविला. 2012 साली खाणी बंद पडल्या, तेव्हा त्याची झळ दुकानदारांच्या गल्ल्यालाही लागली.

या गावाच्या नावाने एक विलक्षण प्रकार घडला. 2007 साली विकिपीडिया या इंटरनेटवरील ज्ञानकोशात 1640–41 च्या ‘डिचोली संघर्षा’वर एक लांबलचक इंग्रजी लेख आला. पोर्तुगीज आणि मराठा साम्राज्य यांच्यातील युद्धाचे त्यात साद्यंत वर्णन होते. लेखाला उत्तमतेचा शिक्काही मिळाला. ते युद्ध कधी झालेच नव्हते. 1640 साली शिवाजी महाराज दहा वर्षांचे होते, मराठा साम्राज्य जन्मास यावयाचे होते, आणि या मुलखावर आदिलशाहीचा अंमल होता. तरी ती बनावट उघडकीस येऊन लेख काढून टाकण्यास 2012 चा डिसेंबर उजाडला.

हा विनोद नव्हे, इशारा आहे. ज्या गावाचा खरा इतिहास लिहिलेला नसतो, त्याच्या नावावर खोटा इतिहास सहज खपतो. नार्व्याच्या देवळाचे जतनकार्य होऊन ते 2023 साली पुन्हा खुले झाले. नमाजगाह आणि लामगावच्या गुंफा राज्याच्या संरक्षित स्मारकांत आहेत. फळ्यांचे दुकान मात्र कोणत्या यादीत बसावयाचे? ओटा फोडून तेथे काँक्रीटचा गाळा उभा राहिला, की तीन सत्ता पाहिलेल्या पेठेची एक साक्ष कमी होते. सर्वच जुने घर राखता येणार नाही, आणि राखण्याचा हट्टही नको. परंतु कोणत्या ओट्यावर काय विकले जात होते, कोणत्या दारी कासार बसत होता, एवढे तरी घरातील वृद्धांना विचारून शाळेतील मुलांनी लिहून ठेवावे. डिचोलीला राजाने सनद दिली नाही. ती तिच्या लेकरांनी लिहावयाची आहे.