मणका कधी दबला?

बुलढाणा जिल्ह्यातल्या सुलतानपुरात कुणाची कंबर धरली की आधी कारण विचारले जाते. पोते उचलले का? विहिरीच्या काठावरून घसरलात का? म्हातारीला मात्र कुणी काही विचारत नाही. पाठ वाकली, उंची घटली, की ‘वय झालं’ एवढे म्हणून विषय मिटतो. त्या वाकण्यामागे बऱ्याचदा ठिसूळ होऊन दबलेला, पुढून पाचरीसारखा झालेला मणका असतो. तो मणका दबला कधी, गेल्या आठवड्यात की दहा वर्षांपूर्वी, हे ठरवणे वैद्यकाला फार काळ जमले नव्हते.

सुश्रुतसंहितेत मोडलेल्या हाडाचे बारा प्रकार आहेत. चूर्णित, पिच्चित, वक्र, स्फुटित ही त्यांतली काही नावे. पाठीच्या कण्यासाठी तिथे कपाटशयन सांगितले आहे. रुग्णाला फळीवर निजवायचे, खुंट्या ठोकायच्या आणि त्याला हलू द्यायचे नाही. पुढे खेडोपाडीच्या हाडवैद्यांनी कामट्या, पट्टी आणि लेपावर हातापायांची हाडे बसवली. मणक्यापाशी मात्र त्यांची बोटे अडत. पाठीवरून हाताला लागतो तो मणक्याचा मागचा काटा. दबतो तो पुढचा ठोकळा, आणि तो खोल पोटाच्या बाजूला असतो.

8 नोव्हेंबर 1895 रोजी जर्मनीत रोंटगेन यांना क्ष-किरण सापडले. तेव्हा वऱ्हाड निजामाच्या नावावर आणि इंग्रजांच्या कारभाराखाली होता. सुलतानपूरजवळचे, आज तालुक्याचे ठिकाण असलेले लोणार तेव्हा मेहकर तालुक्यात मोडत होते. काही वर्षांतच हे किरण कलकत्त्यात भारतीय हातांनी वापरले गेले. जगदीशचंद्र बोस यांनी रवींद्रनाथ ठाकुरांना लिहिलेल्या एका पत्रात पाठ मोडलेल्या रुग्णाचा उल्लेख आहे. डॉ. नीलरतन सरकार यांचा शब्द मोडवत नसल्याने प्रेसिडेन्सी कॉलेजात रोंटगेन किरणांनी त्याला तपासायचे होते. म्हणजे या देशातल्या क्ष-किरणांच्या अगदी सुरुवातीच्या वापरांतच मणका आहे.

एक्स-रे ही मात्र सावली. पुढचे-मागचे सगळे एकाच फिल्मवर चढते, बरगड्या आणि पोटातला वायू आड येतात. मणक्याची उंची घटलेली दिसते, पण त्याची मागची भिंत फुटून हाडाचा तुकडा मज्जारज्जूकडे सरकला आहे का, हे अनेकदा निसटते. रुग्णाच्या पायांतली ताकद टिकणार की जाणार, हे तर त्याच भिंतीवर अवलंबून असते.

त्या सावलीचे काप करून पाहण्याची युक्ती गॉडफ्रे हाउन्सफील्ड या इंग्रज अभियंत्याने शोधली. 1 ऑक्टोबर 1971 रोजी लंडनच्या विम्बल्डन भागातील अ‍ॅटकिन्सन मॉर्ले रुग्णालयात पहिल्या रुग्णाचे सीटी स्कॅन झाले, तेही फक्त डोक्याचे. पुढे यंत्रात सबंध शरीर मावू लागले. 1979 मध्ये अ‍ॅलन कॉर्मॅक यांच्यासह हाउन्सफील्ड यांना नोबेल मिळाले. त्यांच्या नावाचे एकक आजही प्रत्येक स्कॅनमध्ये असते: पाणी शून्य, हवा उणे हजार, आणि हाड जितके भरीव तितका आकडा मोठा. 1983 मध्ये फ्रान्सिस डेनिस यांनी 412 रुग्णांच्या दुखापती अभ्यासून कण्याचे तीन खांब मांडले. मणक्याची ती मागची भिंत ज्यात येते तो मधला खांब शाबूत आहे की नाही, याचे उत्तर सीटीच्या आडव्या कापात स्पष्ट दिसू लागले.

भारतात ही यंत्रे परदेशातून आणावी लागत आणि त्यांवर जकातीचा मोठा बोजा असे. 1988 मध्ये केंद्र सरकारने रुग्णालयांना जकात माफ केली, पण अटी घातल्या. बाह्यरुग्णांपैकी किमान 40 टक्क्यांवर मोफत उपचार करायचे, आणि महिना 500 रुपयांहून कमी उत्पन्नाच्या कुटुंबांसाठी 10 टक्के खाटा राखायच्या. अटी पाळल्या जात नसल्याच्या तक्रारी न्यायालयांपर्यंत गेल्या आणि 1994 मध्ये ही सवलत बंद झाली.

दबण्याची वेळ सांगणे साध्या सीटीलाही अवघडच होते. ताज्या मोडीत मणक्याच्या मगजात पाणी आणि रक्त साचते. ते एमआरआयमध्ये दिसते, पण जुना पेसमेकर बसवलेल्या रुग्णाला त्या यंत्रात घालणे धोक्याचे असते. 2006 च्या सुमारास दोन नळ्यांची सीटी यंत्रे रुग्णालयांत आली. दोन वेगवेगळ्या ऊर्जांच्या किरणांना कॅल्शियम वेगवेगळा प्रतिसाद देते. त्या फरकावरून संगणक चित्रातले कॅल्शियम वजा करतो, आणि उरलेल्या मगजात सूज असेल तर ती रंगात उमटते. सूज दिसली की मोड ताजी.

सुलतानपूरचा रुग्ण आधी मेहकर किंवा लोणार गाठतो, मग अकोला, जालना, छत्रपती संभाजीनगर. 2024 मध्ये बुलढाण्यालाही शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. दोन ऊर्जांचे यंत्र लांब असले तरी साध्या सीटीतूनही बरेच हाती लागते. मुतखड्यासाठी पोटाचे स्कॅन होते तेव्हा कमरेचा पहिला मणका त्यात आपोआप येतो. त्याचा हाउन्सफील्ड आकडा 110 च्या खाली असेल तर हाडे ठिसूळ झाल्याची दाट शक्यता असते, असे पेरी पिकहार्ट आणि सहकाऱ्यांनी 2013 मध्ये दाखवले. त्यासाठी जादा किरण लागत नाहीत, जादा पैसेही नाहीत. मुतखड्याच्या रिपोर्टात त्या आकड्याची एक ओळ आली, तर सुलतानपूरच्या एखाद्या आजीवर पाठ वाकण्याआधीच उपचार सुरू होऊ शकतात.