डांगर मांजराला चालते का?

राजूर (ता. अकोले) : मृगाचा पाऊस पडला की सह्याद्रीच्या कुशीतल्या या भागात परसात, बांधावर, उकिरड्याच्या कडेला डांगराच्या बिया टोचल्या जातात. श्रावणापर्यंत वेल कुडावर चढतो आणि घटस्थापनेच्या सुमारास त्यावर पिवळी-केशरी फळे दिसू लागतात. नगर-नाशिककडे ज्याला डांगर म्हणतात, तोच पुण्या-मुंबईच्या मंडईतला लाल भोपळा. दसरा-दिवाळीच्या दिवसांत घरोघरी भाजी, भरीत, घारगे होतात आणि स्वयंपाकघरात पायांत घोटाळणारे मांजर वर पाहून 'म्यांव' करते. फोड द्यावी की देऊ नये, हा प्रश्न तेव्हाच पडतो.

उत्तराचा पहिला भाग सोपा आहे. साधे उकडलेले, मीठ-मसाला न घातलेले डांगर मांजराला विषारी नाही. निरोगी, वयात आलेल्या मांजराने ते थोडेसे खाल्ले तर काळजीचे कारण नाही. मात्र आपल्या घरांत डांगर सहसा तसे शिजत नाही आणि मांजराचे पोट त्यावर भरत नाही. धोका डांगरात फारसा नसून, त्याच्यासोबत काय येते आणि त्याच्यापायी काय राहून जाते, यात आहे.

गावातले मांजर आणि सदनिकेतले मांजर

डांगी जनावरांच्या प्रदर्शनासाठी ओळखले जाणारे राजूर हे अहिल्यानगर (पूर्वीचा अहमदनगर) जिल्ह्यातील अकोले तालुक्यात, भंडारदरा धरणाच्या वाटेवर वसलेले बाजाराचे गाव. आसपासचा पट्टा भाताचा. जिथे भाताच्या कणग्या, तिथे उंदीर आणि जिथे उंदीर, तिथे मांजर, हा जुना हिशेब. अशा घरातल्या मांजराला ताटातला भाकरीचा तुकडा, दुधाचा घोट, कधी डांगराची फोडही मिळते. ते तेवढ्यावर जगते असे घरच्यांना वाटते. प्रत्यक्षात त्याचे खरे जेवण रात्री कणगीमागे आणि शेताच्या बांधावर होत असते. उंदीर, पाली, पाखरे यांतून त्याला हवे ते मिळते. भाकरी आणि डांगर हे वरचे खाणे ठरते.

पुण्यातील चौथ्या मजल्यावरच्या मांजराला ही सोय नाही. त्याच्या बशीत जे पडेल तेच त्याचे सर्वस्व. 'गावाकडे मांजरे सगळे खातात, काही होत नाही' हा अनुभव खरा असला तरी शहरातील बंद घराला तो जसाच्या तसा लागू पडत नाही, तो यामुळेच.

मांजर शाकाहारी का होऊ शकत नाही?

कुत्रा मिश्राहारावर निभावून नेतो; मांजर हे मात्र निसर्गतः पक्के मांसाहारी आहे. डांगराचा केशरी रंग ज्या बीटा कॅरोटिनमुळे येतो, त्यापासून माणसाचे शरीर 'अ' जीवनसत्त्व तयार करते. मांजराला हे रूपांतर पुरेसे जमत नाही. त्याला तयार 'अ' जीवनसत्त्वच लागते आणि ते यकृत, अंडी यांसारख्या प्राणिज अन्नातून मिळते. म्हणजे माणसाच्या डोळ्यांसाठी गुणकारी मानले जाणारे डांगर मांजराच्या डोळ्यांना तो लाभ देत नाही.

त्याहून महत्त्वाचा घटक म्हणजे टॉरिन. हे द्रव्य मांस, मासे यांत असते, भाज्यांत जवळजवळ नसते आणि मांजराचे शरीर ते गरजेइतके तयार करू शकत नाही. टॉरिन कमी पडल्यास मांजराच्या डोळ्यातील पडदा झिजतो, हे १९७५ मध्ये अमेरिकेतील संशोधकांनी दाखवून दिले. पुढे १९८७ मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस येथील पशुवैद्यक पॉल पिऑन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या कमतरतेने मांजराचे हृदय फुगून दुबळे होते आणि टॉरिन दिल्यास ते सुधारू शकते, हे सिद्ध केले. त्यानंतर मांजरांच्या तयार खाद्यांतील टॉरिनचे प्रमाण वाढविण्यात आले.

चातुर्मासात किंवा नवरात्रात अनेक घरांत सामिष बंद होते. त्यासोबत मांजराचेही मासे-अंडी बंद करून त्याला दूध-भात आणि डांगर सुरू केले जाते. काही दिवसांत काही दिसत नाही. पण हीच रीत महिनोन् महिने चालली तर दृष्टी आणि हृदय यांची हानी आतल्या आत होत राहते. अंधत्व लक्षात येते तेव्हा बहुधा उशीर झालेला असतो. घरात सामिष शिजवायचे नसेल तर मांजरासाठीचे संपूर्ण तयार खाद्य आणणे हा सरळ मार्ग आहे.

मांजर डांगराकडे गोडीमुळे ओढले जाते, हाही गैरसमज आहे. गोड चव ओळखण्यासाठी लागणारे एक जनुक मांजरवर्गात निकामी झाले आहे, असे फिलाडेल्फिया येथील मोनेल संस्थेच्या संशोधकांनी २००५ मध्ये जाहीर केले. घारग्याभोवती मांजर फिरते ते गुळासाठी नव्हे. तुपाचा वास किंवा घरच्या माणसांची सोबत त्याला खुणावत असावी.

खरा शत्रू फोडणीत

नगरकडच्या डांगराच्या भाजीत कांदा, लसूण आणि बहुतेक वेळा कांदा-लसूण मसालाही असतो. मांजरासाठी नेमका हाच भाग घातक आहे. कांद्या-लसणातील गंधकयुक्त द्रव्यांमुळे मांजराच्या रक्तातील हिमोग्लोबिन बिघडते, तांबड्या पेशी फुटू लागतात आणि पंडुरोग होतो. मांजराचे हिमोग्लोबिन अशा आघाताला इतर प्राण्यांच्या तुलनेत फार लवकर बळी पडते.

शरीराच्या दर किलो वजनामागे सुमारे ५ ग्रॅम कांदा मांजराच्या रक्तात लक्षणीय बिघाड घडवू शकतो, असे पशुवैद्यकशास्त्रात मानले जाते. चार किलोच्या मांजरासाठी हे प्रमाण २० ग्रॅम, म्हणजे एका लहान कांद्याहूनही कमी. लसूण कांद्यापेक्षा कित्येक पट तीव्र असतो. शिजवल्याने, तळल्याने वा वाळवल्याने हा दोष जात नाही. उलट वाळलेल्या मसाल्यात तो एकवटलेला असतो. रोज थोडा रस्सा चाटला तरी परिणाम साचत जातो. त्यामुळे भाजीतील फोड धुऊन देणे हाही उपाय नव्हे.

लक्षणे लगेच दिसत नाहीत, ही यातील मोठी अडचण आहे. दोन-चार दिवसांनी मांजर मलूल होते, खाणे सोडते, हिरड्या फिकट वा पिवळसर दिसतात, धाप लागते, लघवीचा रंग गडद तांबूस होतो. तोवर 'त्या दिवशी भाजी खाल्ली होती' हे घरच्यांच्या स्मरणातूनही गेलेले असते. डॉक्टरांना मागील आठवड्यातील खाणे आठवून सांगणे म्हणूनच आवश्यक ठरते.

बद्धकोष्ठावर डांगर : केव्हा आणि केव्हा नाही

डांगरात सुमारे ९० टक्के पाणी आणि काही प्रमाणात तंतू असतात. त्यामुळे सौम्य बद्धकोष्ठावर ते मांजराला देण्याची पद्धत परदेशात रूढ झाली आणि आपल्या शहरांतही पोहोचली. परदेशी दुकानांत मिळणाऱ्या डबाबंद भोपळ्यापैकी पाय या गोड पदार्थासाठीचे सारण मांजराला मुळीच देऊ नये. त्यात साखर आणि जायफळासारखे मसाले असतात.

मात्र घरचा उपाय करण्यापूर्वी एक गोष्ट निश्चित केली पाहिजे. मातीच्या ट्रेमध्ये बसून वारंवार कुंथणारा बोका शौचासाठीच कुंथतो आहे, असे गृहीत धरू नये. बोक्याचा मूत्रमार्ग अतिशय अरुंद असतो. त्यात खडे वा चिकट गाठ अडकली की लघवी तुंबते. बाहेरून हे दृश्य बद्धकोष्ठासारखेच दिसते. लघवी पूर्ण अडकल्यास रक्तात विषद्रव्ये आणि पोटॅशियम साठून एक-दोन दिवसांतच प्राण संकटात येतो. अशा वेळी डांगर भरवून 'उद्यापर्यंत वाट पाहू' म्हणणे हीच सर्वांत मोठी चूक ठरते. ट्रेमध्ये लघवीचा ओलावा दिसत नसेल, बोका ओरडत असेल, सारखा तेथे चाटत असेल वा उलट्या करत असेल तर त्याच तासाला दवाखाना गाठावा.

खरोखर बद्धकोष्ठ असेल तरी पाणी हा पहिला उपचार. पाळीव मांजराचे पूर्वज वाळवंटी प्रदेशातील रानमांजर असल्याने मांजराला तहान कमी लागते. ओले खाद्य, जागोजागी ठेवलेल्या पाण्याच्या वाट्या यांनी बरेच काम होते. माणसांसाठीचा फॉस्फेटयुक्त एनिमा मात्र कधीही वापरू नये. तो मांजराला जीवघेणा ठरू शकतो.

द्यायचेच असेल तर

- पिकलेले डांगर धुऊन, साल, बिया व आतील धागे काढून पाण्यात किंवा वाफेवर मऊ शिजवावे. मीठ, तेल, गूळ, हिंग, तिखट काहीही घालू नये.
- फोडणी देण्यापूर्वीच मांजराचा वाटा वेगळा काढावा.
- पहिल्या दिवशी अर्धा चहाचा चमचा, तोही नेहमीच्या खाद्यात कालवून. मानवल्यास एक ते दोन चमचे पुरेत. पातळ शौच झाल्यास लगेच थांबवावे.
- वरखाऊ पदार्थ दिवसाच्या एकूण आहाराच्या दहाव्या हिश्शाहून अधिक नसावेत.
- कच्ची फोड, जाड साल, देठ आणि अख्ख्या बिया देऊ नयेत. त्या पचत नाहीत आणि आतड्यात अडकू शकतात.
- बुरशी धरलेले डांगर टाकून द्यावे.
- लहान पिले, मधुमेह वा मूत्रपिंडाचा विकार असलेली मांजरे यांना डॉक्टरांना विचारल्याशिवाय देऊ नये.

घरच्या बियाण्याबाबत आणखी एक खबरदारी. राजूरच्या पंचक्रोशीत देशी बी राखण्याची परंपरा मोठी आहे. याच तालुक्यातील कोंभाळणे येथील 'बीजमाता' राहीबाई पोपेरे यांना २०२० मध्ये पद्मश्री जाहीर झाली ती अशाच वाणांच्या जतनासाठी. मात्र भोपळावर्गातील वेलींचा परस्पर वा रानटी वेलींशी संकर झाल्यास क्वचित कडू फळ निपजते. हा कडवटपणा कुकरबिटासिन या द्रव्याचा असतो आणि तो माणसालाही बाधतो. शिजवण्यापूर्वी कच्च्या फोडीचा कण जिभेला लावून पाहावा. कडू लागल्यास थुंकून टाकावा आणि ते डांगर कोणाच्याच ताटात जाऊ देऊ नये.

पावसाळ्यात डांगरासोबत दारी अळूही फोफावतो. त्याच्या कच्च्या पानांतील कॅल्शियम ऑक्झलेटच्या सूक्ष्म सुया मांजराच्या तोंडात रुततात. लाळ गळते, तोंड सुजते. कुंडीतला अळू म्हणूनच मांजराच्या आवाक्याबाहेर ठेवलेला बरा.

दवाखाना कोठे?

मुंबईत परळ येथे १८८३ पासून सुरू असलेले बाई साकरबाई दिनशॉ पेटिट प्राणी रुग्णालय आहे आणि बहुतेक मोठ्या शहरांत लहान प्राण्यांचे खासगी दवाखाने आहेत. ग्रामीण भागात शासकीय पशुवैद्यकीय दवाखान्यांचा मुख्य भर गाई-बैल, शेळ्या यांच्यावर असला तरी मांजर तेथेच न्यावे. फिरत्या पशुवैद्यकीय पथकासाठी १९६२ हा टोल-फ्री क्रमांक आहे. कांदा-लसूण पोटात गेल्याचे तासाभरात लक्षात आले तर उपचार सोपे असतात. घरी मीठ-पाणी पाजून उलटी करवण्याचा प्रयत्न मात्र करू नये.

थोडक्यात, डांगराची फोड मांजराला चालते, पण तिच्यावर त्याचे भागत नाही. कणगीमागचा उंदीर शहरातील मांजराच्या वाट्याला येत नाही; त्याची जागा बशीतल्या मांस-माशांनी वा संपूर्ण खाद्याने भरून काढली आणि फोडणीआधी फोड बाजूला काढली, तर सणाच्या दिवसांत त्याच्याही तोंडाला चमचाभर डांगर लावायला हरकत नाही.